चरी ते पेण : विचारले कोणाला?

21 सप्टेंबर 2008 रोजी रायगड जिल्ह्यात एक वेगळेच मतदान झाले. त्यात उमेदवार नव्हता आणि पक्षही नव्हता. पेण तालुक्यातल्या 22 गावांतील शेतकऱ्यांना सरकारने एकच प्रश्न विचारला होता : महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे सेझसाठी, तुमची जमीन द्यायला तुम्ही तयार आहात का?

मत द्यायला आलेल्या शेतकऱ्यांनी प्रचंड बहुमताने 'नाही' म्हटले. जिल्हा प्रशासनाने कागद वर पाठवले, अधिकृत घोषणा रेंगाळत राहिली, पण गावांना निकाल माहीत होता. पुढच्या वर्षी भूसंपादनाची कायदेशीर मुदत संपली आणि तो प्रकल्प तिथे उभा राहिला नाही. सरकारने स्वतः शेतकऱ्यांचे मत घेतले, असा हा देशातला फार दुर्मीळ प्रसंग होता. म्हणून त्याच्याकडे नीट पाहायला हवे. त्याचा अभिमान बाळगण्यासाठी तर पाहावेच, पण त्यात काय राहून गेले हे समजण्यासाठीही पाहावे.

अशा मतदानाला मराठीत आपण सार्वमत म्हणतो. उर्दूत शब्द आहे रायशुमारी. राय म्हणजे मत आणि शुमार म्हणजे मोजणी. मराठीतला 'बेसुमार' हा शब्द याच घरातला, ज्याची मोजदाद नाही असा. दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला हा शब्द सोडवत नाही, कारण तो लगेच पुढचा प्रश्न विचारायला लावतो : मोजणीत कोण होते आणि बेसुमार कोण राहिले?

या लेखाचा विषय आहे कायदे करणारे आणि ज्यांच्यावर ते कायदे चालतात ते लोक, यांच्यातले अंतर. आर्थिक धोरणात हे अंतर सर्वांत जास्त दिसते. माझे म्हणणे एवढेच की हे अंतर केवळ पुढाऱ्यांच्या नियतीमुळे पडत नाही. मोजणीचा नियम काय आहे, यावरून ते पडते. रायगडच्या किनाऱ्यावर गेल्या नव्वद वर्षांत हे तीनदा स्पष्ट दिसले आहे.

दिल्लीत एकमत, खारेपाटात नकार

आधी सेझचा कायदा. सेझचे धोरण 2000 साली आले. त्याला कायद्याचे रूप देणारे विधेयक मे 2005 मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांत फारशी चर्चा न होता मंजूर झाले. 23 जून 2005 ला राष्ट्रपतींची सही झाली आणि 10 फेब्रुवारी 2006 पासून कायदा लागू झाला. करात सवलती, वेगळे प्रशासन, मोठे भूखंड असे त्याचे स्वरूप होते. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या पक्षांचे या विषयावर बहुतांशी जमले होते. निर्यात वाढेल, रोजगार येईल, चीनने केले तसे आपणही करू, असा सूर होता.

याच काळात पेण, उरण आणि पनवेल या तीन तालुक्यांतल्या 45 गावांत रिलायन्सच्या पुढाकाराने होणाऱ्या महामुंबई सेझसाठी भूसंपादनाच्या नोटिसा निघू लागल्या. कायदा वापरला जाणार होता तो 1894 चा, इंग्रजांनी केलेला. त्यात शेतकऱ्याची संमती हा विषयच नव्हता. हरकत घेता येत होती, पण नकार देता येत नव्हता. म्हणजे जमीन कोणी घ्यायची हे एकविसाव्या शतकातल्या कायद्याने ठरवले आणि कशी घ्यायची हे एकोणिसाव्या शतकातल्या.

विरोध उभा राहिला. शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील आणि उल्का महाजन यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले. पेणच्या शेतकऱ्यांचा मुद्दा नुसत्या भावनेचा नव्हता. त्यांची गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. सिंचनासाठी धरण बांधायचे आणि पाणी शेतात पोहोचायच्या आधीच ती शेते दुसऱ्या कामासाठी घ्यायची, हे कोणत्या नियोजनात बसते, असा त्यांचा सवाल होता. आर्थिक धोरणावर याहून सरळ प्रश्न कोणता असू शकतो? त्यांच्याकडे विकासाला नकार नव्हता, त्यांच्याकडे विकासाचा दुसरा आराखडा होता : कालवे पुरे करा, आम्ही दुबार पीक घेतो.

देशभर वारे बदलत होते. 14 मार्च 2007 ला पश्चिम बंगालमध्ये नंदीग्रामला पोलिसांच्या गोळीबारात 14 माणसे मेली. त्यानंतर केंद्राने सेझच्या आकारावर 5,000 हेक्टरची मर्यादा घातली. 2007 च्या शेवटच्या दिवशी शेजारच्या गोव्याच्या सरकारने आपल्या राज्यातले सेझ रद्द करण्याची घोषणा केली. या पार्श्वभूमीवर विलासराव देशमुख यांच्या सरकारच्या काळात पेणचे मतदान झाले. ज्या विषयावर संसदेत जवळपास एकमत होते, त्याच विषयावर लोकांना विचारले तेव्हा जवळपास उलटे एकमत निघाले.

सात आणि बारा

पण त्या मतदानात मत होते कोणाला? ज्यांची जमीन जाणार होती त्यांना, म्हणजे ज्यांची नावे सातबाऱ्यावर होती त्यांना.

सातबारा हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो दोन कागदांचा जोड आहे हे विसरतो. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख : जमीन कोणाची. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही : तिच्यात काय पिकवले. सात मालकी सांगतो, बारा कष्ट सांगतो. सरकारने प्रश्न विचारला तो सातला. बाराला विचारला नाही.

खारेपाटातल्या एका शेतावर किती जणांचे पोट असते, ते मोजून पाहा. नाव असते घरातल्या कर्त्याचे, कित्येकदा वारलेल्या आजोबांचे. लावणी आणि कापणी करतात बायका. बांध घालायला मजूर येतात. शेजारच्या खाडीत कोळी मासे धरतो, खेकडे पकडतो. मिठागरावर हंगामी कामगार असतात. आपल्या कोकणी मुसलमानांच्या गावांत आणखी एक प्रकार दिसतो : नाव असलेला मुलगा कुवेतला किंवा मुंबईला, आणि शेत बघणारी आई गावात. मत मुलाचे, शेत आईच्या हातात. जमीन गेली तर पैसे सातबाऱ्याच्या नावावर येणार आणि काम मात्र या सगळ्यांचे जाणार.

त्या दिवशी 'नाही' जिंकले म्हणून हा प्रश्न मागे पडला. 'हो' जिंकले असते तर बाकीच्यांचे काय, हे कोणी विचारले नाही. मोजणीचा हा नियम 2008 मध्ये कोणी नव्याने शोधला नव्हता. तो याच जिल्ह्यात फार जुना आहे. ते पाहायला पेणहून अलिबागकडे, चरीला जावे लागते.

चरीचा संप

चरी हे अलिबाग तालुक्यातले खारेपाटातले गाव. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. 27 ऑक्टोबर 1933 रोजी तिथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 25 गावांतल्या कुळांनी संप पुकारला. खोत आणि सावकार यांची जमीन कसायची नाही, एवढाच तो संप. गिरणीतला संप केला तर यंत्र बंद पडते. शेतीतला संप केला तर आधी स्वतःची चूल बंद पडते. तरी तो 1939 पर्यंत, सहा वर्षे चालला. शेते ओसाड पडली, माणसे मिळेल त्या मजुरीवर जगली. इतका दीर्घ शेतकरी संप या देशात क्वचितच झाला असेल.

खोत म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्यामधला वसुलीदार. सारा गोळा करून सरकारात भरायचा हे त्याचे मूळ काम. हळूहळू तो मालकच होऊन बसला. पिकाचा मोठा वाटा त्याचा, वर वेठ वेगळी. कुळाने पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर त्याचे नाव कुठेच नाही, आणि खोताच्या मर्जीने त्याला काढून टाकता येणार.

इथे आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खोत केवळ एका जातीचे किंवा धर्माचे नव्हते. ब्राह्मण होते, प्रभू होते, मराठा होते आणि मुसलमानही होते. खोत हे आडनाव आजही आपल्या समाजात आहे. आणि मुसलमान कुळेही होती. त्यामुळे कोकणच्या जमिनीचा इतिहास 'आपले' आणि 'त्यांचे' अशा भाषेत मांडता येत नाही. रेषा होती ती जमीन असलेला आणि जमीन कसणारा यांच्यात, आणि ती सगळ्या समाजांच्या मधून गेली होती.

चरीत संप चालू असतानाच 1937 ची प्रांतिक निवडणूक झाली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेत होते. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यात तीन गोष्टी होत्या : खोती पद्धत बंद करावी, खोतांना वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष जमीन ताब्यात असलेल्या कुळांना कायदेशीर दर्जा द्यावा. भरपाईची तरतूद होती, म्हणजे हे काही लुटीचे विधेयक नव्हते. जानेवारी 1938 मध्ये कोकण आणि इतर जिल्ह्यांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला. पाय जमिनीवर आणि मागणी सभागृहात, असे ते दृश्य होते.

विधेयक मंजूर झाले नाही.

का झाले नाही, याचे सोपे उत्तर देणे हा अन्याय होईल. काँग्रेसमध्येही कुळांविषयी कळकळ असलेली माणसे होती. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी चरीच्या प्रश्नात लक्ष घातले आणि 1939 मध्ये कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा आला. पण खोती थेट मोडण्याची तयारी त्या सभागृहाची नव्हती. ते सभागृह निवडले होते कोणी, हे पाहिले की कारण कळते. 1935 च्या कायद्याखाली मताचा अधिकार सर्व प्रौढांना नव्हता. जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानात तीन कोटींहून थोडे अधिक लोक मतदार होते. बहुसंख्य कुळे आणि शेतमजूर या अटींत बसत नव्हते. मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ होते, पण त्यांतही मतदार व्हायला अटी होत्याच. म्हणजे मुसलमान कुळाचा प्रतिनिधी मुसलमान असला, तरी त्याला निवडून देणाऱ्यांत ते कूळ असेलच असे नव्हते. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागातल्या लोकांची तर आणखी वेगळी गत. ते जंजिरा संस्थानात, नवाबाच्या राज्यात होते, 1948 च्या विलीनीकरणापर्यंत. मुंबईच्या विधिमंडळाशी त्यांचा संबंधच नव्हता.

तेव्हा सभागृह लोकमताच्या विरोधात गेले असे म्हणण्यापेक्षा, सभागृहाने आपल्या मतदारांचे ऐकले असे म्हणणे अधिक खरे आहे. कुळे मोजणीतच नव्हती.

हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडच्या संसदेने 1815 मध्ये परदेशी गव्हावर निर्बंध घातले, म्हणून पाव महाग राहिला. पाव खाणाऱ्यांचा विरोध होता, पण संसदेत जमीनदार बसले होते आणि गव्हाचा भाव चढा राहण्यात त्यांचे हित होते. तो कायदा 1846 मध्ये रद्द झाला, तोपर्यंत एक पिढी गेली होती.

खोती नष्ट करणारा कायदा 1949 मध्ये झाला. आंबेडकरांच्या विधेयकानंतर बारा वर्षांनी. मधल्या काळात 1948 चा कुळकायदा आला, आणि पुढे 1 एप्रिल 1957 या कृषिदिनापासून कसणारे कूळ कायद्याने मालक मानले जाऊ लागले. चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 मध्ये जे मागितले, त्याला राज्याने पूर्ण 'हो' म्हणायला चोवीस वर्षे लागली.

त्याच वर्षाचा दुसरा कायदा

1937 साल आपल्या समाजाला दुसऱ्या एका कायद्यामुळे माहीत आहे : मुस्लिम व्यक्तिगत कायदा, ज्याला आपण शरीयत ॲक्ट म्हणतो. त्याचा आर्थिक भाग फारसा बोलला जात नाही, म्हणून इथे घेतो. अनेक प्रांतांत मुसलमान मुलींना रूढीच्या नावाखाली वारसाहक्क नाकारला जात होता. शरीयतप्रमाणे हिस्सा मिळावा अशी उलमांची मागणी होती आणि मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांचीही होती. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच या स्त्रियांच्या मागणीचा उल्लेख आहे. कायदा झाला, पण त्यातून शेतजमीन वगळली गेली.

त्याला घटनात्मक कारण होते : 1935 च्या रचनेत शेतजमीन हा प्रांतांचा विषय होता. राजकीय कारणही होते : विशेषतः पंजाबातल्या जमीनदारांना शेतजमिनीत मुलींचा वाटा नको होता. ज्या काळात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेतच होते, त्या काळात शेत वगळून वारसा देणे म्हणजे ताट वाढून भात बाजूला ठेवणे. मागणी स्त्रियांची होती आणि मसुदा ठरवणाऱ्यांत जमीनवाले होते. खोतीच्या विधेयकाचे जे झाले, त्याचीच ही दुसरी बाजू.

आज आपल्या गावांत कायदा आड येत नाही, हक्कसोडपत्र आड येते. भावाने आणलेल्या कागदावर बहीण सही करते आणि नमुना सातवरून तिचे नाव जाते. हे मुसलमानांत होते तसेच हिंदूंतही होते. मग कधी रायशुमारी झाली, तर तिला कोण विचारणार?

मत सगळ्यांना मिळाल्यानंतर

राज्यघटनेने सर्व प्रौढांना मत दिले. आता तरी अंतर मिटायला हवे होते. उरणमध्ये ते का मिटले नाही, हे पाहू.

1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. पुढे न्हावा-शेवा बंदर आले. या भागाचे लोकप्रतिनिधी होते दि. बा. पाटील. ते पनवेलमधून अनेकदा आमदार झाले, कुलाब्यातून खासदारही झाले. ते स्वतः शेतकऱ्यांच्या बाजूने रस्त्यावर होते. म्हणजे इथे 'पुढारी लोकांपासून तुटले' असे म्हणायची सोय नाही. लोकांचा माणूस सभागृहात होता, पण सभागृह त्याच्या बाजूला नव्हते. राज्याला बंदर हवे होते आणि बंदराचा फायदा ज्यांना होणार होता ते राज्यभर, देशभर पसरलेले होते. तोटा मात्र काही गावांच्या पदरात होता. सभागृहात डोकी मोजली जातात, झळ मोजली जात नाही.

16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले आणि ते नंतर इतरत्रही मागितले जाऊ लागले. ज्याला आज सरकार आपले पुनर्वसन धोरण म्हणते, त्याची किंमत आधी उरणने मोजली आहे.

पण साडेबारा टक्के कशाचे? जमिनीचे. ज्याची जमीन नाही त्याला शून्याचे साडेबारा टक्के. बंदरासाठी जुने शेवा गाव उठले. तिथल्या कोळी कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवले गेले. कोळ्याची शेती समुद्रात, आणि समुद्राचा सातबारा निघत नाही. खाडीत भराव पडले, मासेमारीच्या जागा गेल्या, आणि त्याची दाद लागायला किती काळ लागला पाहा : फेब्रुवारी 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातील पीठाने 1,630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदर सुरू झाले होते 1989 मध्ये. कोळी मोजणीत यायला सव्वीस वर्षे गेली, आणि तेही विधिमंडळातून नव्हे, लवादातून.

नवा कायदा, जुनी मोजणी

नंदीग्राम, रायगड आणि अशा अनेक लढ्यांनंतर 1894 चा कायदा गेला. 2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्यात पहिल्यांदा संमती आली : खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर 80 टक्के आणि सरकार-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची. हा मोठा बदल आहे आणि तो लोकांनी मिळवलेला आहे.

हा कायदा बाधित कुटुंबाची व्याख्या मोठ्या मनाने करतो. जमीनमालक तर आहेतच, पण शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर, मच्छीमार, नावाडी हेसुद्धा त्यात येतात, जर त्यांची उपजीविका तीन वर्षे त्या भागावर अवलंबून असेल तर. वाचताना वाटते, अखेर बाराही मोजला गेला. पण संमतीचे कलम नीट वाचा. 80 किंवा 70 टक्के मोजताना कायदा या व्याख्येतले दोनच प्रकार घेतो : ज्यांची जमीन वा स्थावर मालमत्ता जाते ते, आणि ज्यांना सरकारी योजनेतून जमीन मिळालेली आहे ते. पुनर्वसनात सगळे, संमतीत फक्त जमीनवाले. मच्छीमाराला भरपाई मागता येईल, 'नाही' म्हणता येणार नाही.

1937 मध्ये मतदार व्हायला जमिनीची अट होती. 2008 मध्ये मत विचारायला सातबाऱ्याची अट होती. 2013 मध्ये संमतीला पुन्हा तीच अट. मधे स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, प्रौढ मताधिकार आला, पण आर्थिक प्रश्नावर 'तुमचे मत काय' असे विचारायची वेळ आली की आपण परत खोताच्या वहीकडे जातो.

लोकांना कळते का?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रतिनिधी निवडायचे ते कशासाठी? प्रत्येक धरणाला, रस्त्याला, बंदराला लोकांना विचारत बसलो तर काहीच होणार नाही. लोक जवळचे बघतात, देशाला दूरचे बघावे लागते. न्हावा-शेवा बंदर झाले नसते तर देशाच्या व्यापाराचे काय झाले असते?

बंदर देशाला उपयोगी पडले, हे खरे आहे. उरण-पनवेलच्या पुष्कळ मुलांना त्याच्या आसपास काम मिळाले, हेही खरे. पेणमध्येही काहींना जमीन विकायची होती, आणि तो त्यांचा हक्क होता. पण लोकांना विचारले तर ते फक्त स्वतःच्या फायद्याचेच मागतात, हे खरे नाही. स्वित्झर्लंडमध्ये कायद्यांवर लोकांचे थेट मत घेतात. मार्च 2012 मध्ये तिथे प्रश्न होता : सगळ्या कामगारांना वर्षाला किमान सहा आठवडे भरपगारी रजा द्यावी का? रजा कोणाला नको असते? तरी सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी नाही म्हटले, कारण नोकऱ्यांवर परिणाम होईल असे त्यांना वाटले. वर्षभरात त्याच लोकांनी कंपन्यांच्या मोठ्या अधिकाऱ्यांच्या पगारावर भागधारकांचा अंकुश आणण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. विचारले की माणूस विचार करतो. न विचारता ठरवले की तो दगड उचलतो किंवा नांगर खाली ठेवतो.

आणि आपले उदाहरण काय सांगते? चरीची कुळे अडाणी म्हणून हिणवली गेली. त्यांनी मागितले तेच पुढे राज्याचे धोरण झाले. पेणच्या शेतकऱ्यांनी पाण्याचा मुद्दा मांडला, मोठ्या आकाराच्या सेझविषयी शंका घेतली. नंतर देशातले कितीतरी मंजूर सेझ कागदावरच राहिले. आर्थिक धोरण कळायला पदवी लागते हे खरे असेल, पण ते कुठे बोचते हे कळायला शेतात उभे राहावे लागते.

ग्रामसभा

मग मोजणी करायची कुठे? त्यासाठी नवे काही शोधायला नको. घटनेने ग्रामसभा दिलेली आहे. तिचा सभासद कोण? गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण. सातबारा असो वा नसो. मालक, कूळ, मजूर, कोळी, सून, विधवा, सगळे. गावात सात आणि बारा एका सतरंजीवर बसतात अशी कायद्याने दिलेली ही एकच जागा आहे. जमिनीच्या मोठ्या प्रकल्पाची संमती ग्रामसभेत मोजली, तर 2008 चे अपुरे काम पुरे होईल. ती मागणी आमदार-खासदारांकडे करायला हवी. आज प्रकल्प येतील, उद्या दुसरे येतील, पण नियम एकदा बदलला तर तो सगळ्यांना लागू होतो.

तोपर्यंत आपल्या हातात असलेली कामे आपण करू शकतो. वारस नोंद अडकलेली असेल तर तलाठ्याकडे जाऊन ती पुरी करा, आणि त्यात आई व बहिणींची नावे लावा. कोणी हक्कसोडपत्र पुढे केले तर सही करण्याआधी तिला त्याचा अर्थ समजावून सांगा. ई-पीक पाहणीत आता खातेदार स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. तुमचे शेत दुसरा कोणी कसत असेल तर त्याच्याशी झालेला व्यवहार कागदावर आणा, म्हणजे त्याचे कष्ट बेसुमार राहणार नाहीत. महिलांची ग्रामसभा आधी घ्यायची असते. आपल्या मोहल्ल्यातल्या बायका तिला जातात का, हे घरात विचारा. आणि गावात प्रकल्पाचा सामाजिक परिणाम तपासायला कोणी आले, तर कोळीवाड्यातल्या आणि आदिवासी वाडीतल्या लोकांना बोलावल्याशिवाय सुनावणी पुरी झाली असे मानू नका.

चरीच्या पंचवीस गावांनी सहा वर्षे पोटाला चिमटा घेऊन ज्या वहीत आपले नाव लिहून घेतले, ती वही आज आपल्या मोबाइलवर उघडते. तिच्यात कोणाचे नाव आहे आणि कोणाचे राहिले आहे, ते आज संध्याकाळी घरच्यांबरोबर बसून पाहा. ज्यांचे राहिले असेल, त्यांना पुढच्या ग्रामसभेला सोबत घेऊन जा.